कमलाबाई सोहोनी : एका विकराचा ठावठिकाणा

सातारा जिल्ह्याला भागवत भगिनींपैकी थोरलीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आणीबाणी लागून सहा महिने होत आले होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले ज्येष्ठ मंत्री. आणि अध्यक्ष दुर्गा भागवत. सरकारने तुरुंगात टाकलेले आणि तिथेच प्रकृती खालावलेले जयप्रकाश नारायण त्या वेळी गंभीर आजारी होते. त्यांच्या आरोग्यासाठी दुर्गाबाईंनी भर मांडवात सर्वांना प्रार्थना करायला लावली. मंत्र्यांच्या शेजारी उभे राहून, त्यांच्याच जिल्ह्यात. ही हकीकत आपल्याकडे दोन पिढ्या सांगितली गेली आहे.

दुर्गाबाईंहून सोळा महिन्यांनी धाकटी बहीण कमला. तिच्या नावावरही अशीच एक दारात उभे राहण्याची गोष्ट आहे, आणि गंमत म्हणजे तिची ओळख त्या एका गोष्टीपुरतीच उरली आहे. महिला दिनाच्या भाषणांत ती येते, शाळेच्या भित्तिपत्रकावर येते. २०२३ साली तिच्या जन्मदिवशी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर तिचे चित्र लावले, तेव्हा ती पुन्हा सर्वत्र फिरली. दार उघडल्यावर या बाईने आत जाऊन काय केले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. तिने बटाट्यात काहीतरी शोधले, एवढे सांगून लेख संपतात. ते काहीतरी काय होते, आणि आज मिरजेच्या एखाद्या इस्पितळातून बाहेर पडणाऱ्या रिपोर्टाशी त्याचे नाते कसे पोहोचते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

बंगळूरचे दार

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या, अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. घरातल्या दोन माणसांनी जिथे शिक्षण घेतले तिथे आपणही जायचे, यात त्या मुलीला जगावेगळे काही वाटण्याचे कारण नव्हते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पदरात पडली आणि तिने बंगळूरला अर्ज धाडला.

संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांनी अर्ज नाकारला. कारण अर्जदार मुलगी होती. मुलगी गप्प बसली नाही. ती वडिलांना घेऊन बंगळूरला गेली, आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस असल्यामुळे रामन यांच्या दारात तिने तोच मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम करावे लागेल आणि तिच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. तिसरी अट तिच्या मनाला किती लागली, हे तिने उतारवयातही बोलून दाखवले. वर्षभराने रामन यांनी तिचे काम पाहून तिला कायम केले आणि पुढे मुलींसाठी ते दार उघडे झाले. रामन यांच्या हाताखाली नंतर ॲना मणी यांच्यासारख्या स्त्रिया संशोधनाला आल्या, हेही रामन यांच्या खात्यावर जमा केले पाहिजे.

तिथे तिला एम. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. शिस्तीचे कडक, पण मनाने उमदे. त्यांच्या हाताखाली तिने दूध आणि कडधान्ये हातात घेतली. कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनावरचा दोघांचा निबंध १९३५ साली इंग्लंडच्या जैवरसायनशास्त्राच्या नियतकालिकात आला. दार न उघडणाऱ्या संस्थेत दोन वर्षांच्या आत इतके काम उभे राहिले होते. १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. झाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि १९३७ मध्ये ती केंब्रिजला न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली.

केंब्रिज : बटाटा आणि यकृत

केंब्रिजची जैवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची होती. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल त्यांना १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला होता. त्या काळात स्त्रियांना मोकळेपणाने काम देणाऱ्या ज्या थोड्या प्रयोगशाळा होत्या, त्यांत हॉपकिन्स यांची पहिली धरावी लागेल. मात्र याच केंब्रिज विद्यापीठात १९४८ पर्यंत स्त्रियांना पदवी मिळे ती नावापुरती; पुरुषांच्या बरोबरीचे विद्यापीठाचे सदस्यत्व त्यांना नसे. म्हणजे बंगळूरचे दार गाठीभेटीने उघडले, पण जगातल्या नामांकित विद्यापीठाचे दार तेव्हा अर्धेच उघडे होते. हे आपण सहसा सांगत नाही. रामन यांच्याकडे बोट दाखवताना हाताची इतर बोटे कुठे वळतात, तेही पाहायला हवे.

प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिश्टर या तरुण शास्त्रज्ञाने आपले टेबल दिवसा तिला वापरायला दिले, असे सांगतात. रिश्टर यांच्याबरोबर तिने प्राण्यांच्या ऊतींमधील विकरांवर काम केले. मग ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींकडे वळली. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासात आजही ज्यांचे नाव घेतले जाते ते हे हिल.

इथे विकर म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितले पाहिजे. ज्याला आपण एन्झाइम म्हणतो तेच विकर. पेशीतली प्रत्येक रासायनिक घडामोड घडवून आणणारे एकेक प्रथिन असते. ते स्वतः खर्च होत नाही, पण ते नसेल तर काम अडते. चिरलेला बटाटा किंवा वांगे उघडे ठेवले की काळे पडते आणि म्हणून घरातली बाई फोडी पाण्यात टाकते. ती काळिमा आणणारेही एक विकरच.

प्राण्यांची पेशी अन्न जाळते ते एकदम भडका उडवून नव्हे. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात द्याव्यात, तसे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातात आणि वाटेत मिळालेली शक्ती पेशी साठवते. या रांगेतल्या रंगीत प्रथिनांना सायटोक्रोम म्हणतात. केंब्रिजच्याच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली त्यांची ओळख पटवली. रांगेच्या टोकाला जे विकर शेवटची घागर प्राणवायूच्या ताब्यात देते, ते सायटोक्रोम ऑक्सिडेज. सायनाइडने माणूस मरतो तो हे एक विकर अडते म्हणून.

प्राण्यांत हे सिद्ध होते. वनस्पतींचे काय? तिथे शंका होती. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग इतका गडद, की त्याआड सायटोक्रोमच्या फिकट खुणा दिसत नाहीत. आणि बटाट्यासारख्या कंदात ते काळे पाडणारे दुसरे विकरही प्राणवायू खाते. मग खाल्लेला प्राणवायू नेमका कुणाच्या नावावर मांडायचा? कमलाबाईंनी हा हिशेब सोडवला. बटाट्यात आणि इतर वनस्पतींच्या ऊतींतही श्वसनाची हीच रांग आहे, टोकाला तेच विकर आहे, हे हिल आणि भागवत या दोन नावांनी १९३९ साली नेचर या नियतकालिकात छापून आले. आपल्याकडच्या लेखांत तिने सायटोक्रोम-सी नावाचे विकर शोधले असे सर्रास छापतात. सायटोक्रोम-सी हा रांगेतला वाहक. विकर म्हणजे त्याच्याकडून घेणारे ऑक्सिडेज. दोन्ही वनस्पतीत आहेत आणि माणूस, बेडूक, बटाटा यांच्या श्वासाची मूळ तऱ्हा एकच आहे, हा त्या कामाचा अर्थ. चौदा महिन्यांत, अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर तिला पीएच.डी. मिळाली.

दुसरे काम कमी ज्ञात आहे, आणि माझ्या मते पुढच्या गोष्टीसाठी अधिक महत्त्वाचे. हॉपकिन्स यांच्याच प्रयोगशाळेत १९२८ साली मेरी हेअर या विद्यार्थिनीला यकृतात एक विकर सापडले होते. ॲड्रिनलिनसारख्या, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप पोहोचवणाऱ्या, द्रव्यांच्या जातीचे अमाइन हे विकर मोडून टाकते. पुढे त्याचे नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज झाले. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले हर्मान ब्लाश्को, रिश्टर आणि भागवत या तिघांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांत हे विकर तपासले आणि तो निबंध १९३९ सालीच प्रसिद्ध झाला.

एकूण शिल्लक कळते, खाते कळत नाही

त्या काळी विकर तपासायची रीत एकच. ऊती कुटायची, पाण्यात कालवायची, गाळायची आणि उरलेल्या रसाने किती प्राणवायू खाल्ला ते काचेच्या नळीत मोजायचे. यातून यकृतात इतके, मेंदूत इतके, असा आकडा मिळतो. पण यकृतात किंवा मेंदूत एकाच जातीच्या पेशी नसतात. मेंदूचा लगदा केला की निरोप देणारी पेशी, निरोप घेणारी पेशी आणि दोघींची देखभाल करणारी पेशी सगळ्या एकाच भांड्यात येतात.

माझे आयुष्य बँकेच्या नोकरीत गेले. दिवसअखेरीला शाखेची एकूण ठेव किती, हे एका ओळीत सांगता येते. पण ती ठेव एका कारखानदाराची की पाचशे दूधवाल्यांची, हे त्या ओळीवरून कळत नाही. त्यासाठी लेजर उघडून खाते न् खाते पाहावे लागते. कुटून मोजणारा जैवरसायनशास्त्रज्ञ एकूण ठेव सांगत होता. खाती कुणाची, हे विचारायला त्याच्याकडे साधन नव्हते.

योगायोग असा, की हे साधन ज्या विचारातून आले तो विचारही १९३९ चाच. त्या वर्षी अमेरिकेत गोमोरी आणि जपानमध्ये ताकामात्सु यांनी, एकमेकांना न कळता, फॉस्फेटेज नावाच्या विकराची जागा ऊतीच्या पातळ कापात रंगाने दाखवली. त्यात विकराला त्याचे नेहमीचे काम करायला लावायचे आणि त्या कामातून रंगीत गाळ जमेल अशी व्यवस्था करायची. युक्ती सुंदर, पण काप करताना विकर जिवंत राहिले तरच चालणारी, आणि मोजक्याच विकरांना लागू पडणारी.

त्याच उन्हाळ्यात आल्बर्ट कून्स हा तरुण अमेरिकन डॉक्टर बर्लिनमध्ये होता. संधिवाताच्या तापात हृदयात होणाऱ्या गाठींचा तो विचार करत होता. त्या गाठीत जंतूचा अंश आहे का, हे पाहायचे कसे? शरीर परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि एक प्रतिपिंड एकाच प्रथिनाला जाऊन चिकटते, हे तेव्हा ठाऊक होते. कून्सला सुचले, की प्रतिपिंडालाच चमकणारा रंग बांधून दिला तर? ते आपले प्रथिन शोधत जाईल आणि जिथे थांबेल तिथे उजेड पडेल. हार्वर्डला परतून त्याने रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने हे करून दाखवले. पहिला निबंध १९४१ चा. पुढच्याच वर्षी ऊतीच्या कापात न्यूमोनियाच्या जंतूचा अंश चमकताना दिसला. मग तो महायुद्धात गेला आणि परत आल्यावर त्याने ही रीत पक्की केली. १९५४ साली मार्शल या संशोधकाने याच पद्धतीने गाईच्या स्वादुपिंडातील पाचक विकरे कोणत्या पेशींत आहेत ते दाखवले.

पद्धत आज कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत जशी चालते ती अशी. ज्या विकराचा शोध घ्यायचा ते शुद्ध करून सशाला टोचतात. सशाचे शरीर त्याला परके मानते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तातून वेगळी काढतात. इकडे ऊतीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काचेवर घेतात. त्यावर प्रतिपिंडाचा थेंब. ते विकराला चिकटले की बाकीचे धुऊन टाकायचे. मग दुसरे प्रतिपिंड, जे सशाच्या प्रतिपिंडालाच चिकटते आणि ज्याला रंग आणणारे द्रव्य बांधलेले असते. १९६६ साली चमकत्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकरच बांधायची युक्ती निघाली. मोहरीच्या कुळातल्या एका झणझणीत मुळापासून ते मिळते आणि योग्य द्रव्य घातले की तपकिरी डाग उमटवते. म्हणजे विकराचा पत्ता काढायला विकरच पाठवायचे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या केंद्रकांच्या गर्दीत तपकिरी रंग कुठे आहे ते दिसते.

यात फसगतही होते. ऊतीत मुळात पेरॉक्सिडेज असेल तर खोटा डाग उमटतो, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ते निकामी करावे लागते. प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटू शकते. म्हणून एक काप पहिल्या प्रतिपिंडाशिवाय रंगवायचा, तो कोरा राहिला पाहिजे. आणि जिथे विकर नक्की आहे असा एक काप सोबत ठेवायचा, तो रंगला पाहिजे. दोन्ही साक्षी जुळल्याशिवाय तिसरी खरी मानायची नाही. बँकेत लॉकरला दोन किल्ल्या लागतात, त्यातलाच हा प्रकार. शिवाय डाग सांगतो तो विकर कुठे आहे एवढेच. ते काम करते आहे की स्वस्थ बसले आहे, हे सांगायला पुन्हा कमलाबाईंची कुटून मोजण्याची रीतच लागते.

आता मोनोअमाइन ऑक्सिडेजकडे येऊ. १९५२ च्या सुमारास क्षयावर इप्रोनियाझिड नावाचे औषध अमेरिकेतल्या एका रुग्णालयात देऊन पाहिले, तेव्हा रोगी विलक्षण उल्हसित झालेले दिसले. वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम ज्यांनी पाहिले आहे, त्या सांगली-मिरजेच्या जुन्या लोकांना कल्पना येईल की तशा वॉर्डात माणसे एकाएकी आनंदी होणे ही काय चीज असेल. ते औषध नेमके हे विकर अडवत होते. त्यातून उदासीनतेच्या आजारावरच्या पहिल्या औषधांपैकी एक मिळाले. साहजिकच प्रश्न आला : मेंदूत हे विकर कोणत्या पेशीत असते?

उत्तराला एका जातीचे शुद्ध प्रतिपिंड लागत होते. ते बनवायची किमया १९७५ साली केंब्रिजमध्येच कोलर आणि मिलस्टाइन यांनी साधली. १९८५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशी प्रतिपिंडे वापरून माकडाच्या मेंदूचे काप रंगवले. या विकराचे दोन प्रकार आहेत, अ आणि ब. अ प्रकार ॲड्रिनलिनच्या जातीचे निरोप देणाऱ्या पेशींत दिसला. ब प्रकार सेरोटोनिनच्या पेशींत आणि देखभाल करणाऱ्या पेशींत. चमत्कार असा, की सेरोटोनिन मोडण्यात पटाईत आहे तो अ प्रकार, आणि सेरोटोनिनच्या पेशीत सापडला तो ब. लगदा करून हे कधीच कळले नसते. केंब्रिजमधल्या तिघांनी अवयवांचा हिशेब मांडल्यापासून खाते उघडून पाहीपर्यंत सेहेचाळीस वर्षे गेली.

परतीची वाट

तोपर्यंत कमलाबाई त्या शर्यतीतून कधीच बाहेर पडल्या होत्या, त्याही स्वेच्छेने. १९३९ साली त्या भारतात परतल्या. गांधीजींच्या विचाराची मुलगी, देश पारतंत्र्यात. परदेशात राहण्याचा मोह त्यांनी धरला नाही. दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात जैवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी सांभाळला. मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी या विमागणिती गृहस्थांशी विवाह झाला, त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या नव्या जैवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. हिल यांच्याबरोबरचे वनस्पतींचे काम सविस्तर छापून आले ते १९५१ साली. तेव्हा त्यांच्या टेबलावर वाल आणि पावटा आला होता.

वालात आणि डबल बीमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिने असतात. त्यांची शुद्ध स्फटिकरूपातली फोड सोहोनी आणि आंबे यांनी केली आणि १९५५ साली ती नेचरमध्ये आली. कच्चे किंवा अर्धकच्चे कडधान्य का बाधते, याचे एक कारण त्यात आहे. दाण्यातली ही प्रथिने बरीचशी शिजवण्याने निकामी होतात. साताऱ्याकडे हे वेगळे सांगायला नको. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आया-आज्या घेवडा रात्रभर भिजवून, पहिले पाणी टाकून, मऊ होईस्तोवर शिजवत आल्या आहेत. त्यांना विकर ठाऊक नव्हते, अनुभव ठाऊक होता. कमलाबाईंनी त्या अनुभवाला रसायनशास्त्राचे नाव दिले.

नीरेवरचे कामही याच वाटेवरचे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सुचनेवरून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ताडाच्या नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह तपासले. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती स्वस्तात उपयोगी पडू शकते, असा निष्कर्ष निघाला. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला.

केंब्रिजला राहून त्या मोठ्या झाल्या असत्या का, असा प्रश्न निघतोच. झाल्या असत्या, असे मला वाटते. ज्या बाईने सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी दोन वेगवेगळ्या विकरांवर, दोन वेगवेगळ्या गुरूंकडे, टिकाऊ काम केले, तिच्या हाती अद्ययावत साधने राहिली असती तर पुढचे टप्पेही तिचेच असते. ही किंमत खरी आहे, आणि देशसेवेच्या गौरवात ती झाकून टाकू नये. मात्र दुसऱ्या पारड्यातही काही आहे. विद्यार्थ्यांची एक पिढी त्यांनी भारतात उभी केली, आणि गरिबाच्या ताटात काय पडते हा प्रश्न पहिल्या प्रतीच्या प्रयोगशाळेत नेला. दोन्ही बाजूंचे आकडे ठेवले, की बेरीज ज्याची त्याने करावी.

किंमत त्यांच्याकडून आणखी एका ठिकाणी वसूल केली गेली. ज्या संस्थेत त्या शिकवत होत्या तिच्या संचालकपदी त्या हक्काने जायला हव्या होत्या, ते पद त्यांना अंतर्गत राजकारणामुळे वर्षानुवर्षे उशिरा मिळाले. १९३३ ची अट उघड सांगितली गेली होती. निदान तिच्याशी भांडता आले. नंतरची अट कुणी बोलूनच दाखवली नाही. नोकरी केलेल्या कुठल्याही बाईला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी जी संस्था काढली, त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्या होत्या. १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षा झाल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात ग्राहकांच्या हिताचे लेख त्या लिहीत. आयुष्याच्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुख डॉ. सत्यवती यांना त्यांची कहाणी कळली आणि परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच गेल्या. १९९८ हे त्यांच्या निधनाचे वर्ष.

रिपोर्टावरची एक ओळ

त्याच १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब हे औषध मान्य झाले. स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत पेशीच्या आवरणावर हर-टू नावाचे एक प्रथिन प्रमाणाबाहेर असते. ते नुसते निरोप घेणारे नाही; त्याचा आतला भाग विकर आहे आणि तो पेशीला वाढत राहण्याची आज्ञा देतो. हे औषध म्हणजे त्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंडच. ते कुणाला द्यायचे? ज्या गाठीत हर-टू जास्त आहे तिला. ते कसे कळते? वर सांगितलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून, पातळ कापातून, तपकिरी डागातून. आवरणाभोवती गडद, अखंड तपकिरी कडे दिसले की तीन अधिक. फिके किंवा काहीच नाही तर एक अधिक किंवा शून्य. मधल्या दोन अधिकला आणखी एक चाचणी.

सातारा, सांगली, कऱ्हाड, मिरज या पट्ट्यातल्या किती घरांत हा कागद आला आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. मिरज हे वानलेस डॉक्टरांच्या काळापासून दवाखान्यांचे गाव. खेड्यातली माणसे एस.टी.ने तिथे येतात, गाठ काढून घेतात आणि हातात कागद घेऊन ओसरीवर बसतात. त्या कागदावरची ही एक ओळ उपचार ठरवते, खर्च ठरवते, पुष्कळदा आयुष्य ठरवते. ती ओळ विकर किती आहे एवढेच विचारत नाही; कोणत्या पेशीवर आहे, आवरणावर आहे की इतरत्र, ते विचारते. गाठीचा नुसता लगदा करून मोजले असते, तर निरोगी आणि रोगी पेशींचा हिशेब एकत्र झाला असता.

कमलाबाईंनी ही पद्धत काढली नाही, आणि तसे म्हणणे त्यांच्या कामाशी प्रामाणिक होणार नाही. ज्या प्रश्नाला ती पद्धत उत्तर देते, तो प्रश्न आपल्या भाषेतल्या ज्या माणसांनी सर्वात आधी हातात घेतला त्यांतल्या त्या एक. विकर आहे का, असेल तर कुठे आहे, आणि समोर दिसते ते त्याचेच काम की शेजारच्या दुसऱ्याचे, हे त्यांनी बटाट्याला विचारले. आपण मात्र त्यांना बंगळूरच्या दारातच उभे ठेवले आहे. नव्वद वर्षे होऊन गेली. आता त्यांना आत येऊ द्यावे.

त्यासाठी एक साधी सूचना. आपल्याकडे शाळा-कॉलेजे जूनच्या मध्याला उघडतात आणि १८ जून लगेच येतो. रयतच्या शाळांत, सांगलीच्या विलिंग्डनपासून तालुक्याच्या लहानशा ज्युनिअर कॉलेजापर्यंत, त्या दिवशी फोटोला हार घालून भाषण ठोकण्याऐवजी मुलींच्या हाती एक बटाटा द्यावा. त्याची एक फोड उघड्यावर ठेवून काळी पडू द्यावी. एक उकडून ठेवावी, ती पडणार नाही. एका कच्च्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून फेस येताना पाहावा. मग त्यांना विचारावे, की या तीन फोडींत काय निराळे झाले आणि फेस आणणारा कोण, काळे करणारा कोण. तास संपेपर्यंत उत्तर आले नाही तरी चालेल.